युरोपातला उन्हाळा, अमेरिकेतल्या बंदुका आणि मृत्यू मोजण्याच्या दोन पद्धती

प्रश्न असा आहे: युरोपात उष्णतेनं मरणाऱ्यांची संख्या अमेरिकेत बंदुकीनं मरणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, असं सतत सांगितलं जातं. ‘युरोपनं आधी घरोघरी एसी बसवावेत, मग अमेरिकेला बंदुकांवरून शहाणपण शिकवावं’ अशी पुस्तीही अनेकदा जोडलेली असते. हे आकडे खरे आहेत का, आणि अशी तुलना मुळात करता येते का?

आकडे खरे आहेत, तुलना मात्र जशी केली जाते तशी टिकत नाही. तरीही मी ती फेकून देणार नाही, कारण नीट मांडली तर तिच्यातून दोन्ही समाजांबद्दल बरंच कळतं. मृत्यूंची कारणं आणि त्यांची मोजणी हेच माझं काम, त्यामुळे जरा तपशिलात जाते.

युरोपचा जो आकडा फिरतो तो २०२२च्या उन्हाळ्याचा. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली आलेल्या अभ्यासानं ३० मे ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात युरोपातल्या ३५ देशांत उष्णतेमुळे ६१,६७२ मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीनं ४८,२०४ माणसं मेली. एवढे दोनच आकडे शेजारी ठेवले की वाद संपला असं वाटतं. पण त्या ३५ देशांची लोकसंख्या ५४.३ कोटी आहे आणि अमेरिकेची ३३.३ कोटी. लाखामागे दर काढला तर उष्णतेचा येतो साधारण ११.४ आणि बंदुकीचा १४.५. म्हणजे शाळकरी भागाकार केल्याबरोबर उत्तर उलटं होतं.

शिवाय वर्षाची निवडही निरागस नाही. २०२२चा उन्हाळा हा तोवरच्या नोंदींमधला युरोपचा सर्वांत उष्ण उन्हाळा होता. पुढच्या वर्षीचा, म्हणजे २०२३चा, त्याच गटाचा अंदाज ४७,६९० मृत्यूंचा आहे. त्या वर्षी अमेरिकेत बंदुकीनं सुमारे ४६,७०० माणसं मेली. एकूण संख्या जवळपास सारखी, दरात मात्र मोठा फरक. आपल्याला सोयीचं वर्ष उचलायचं, ही युक्ती जुनी आहे.

इथपर्यंतची चूक कुणीही पकडेल. खरी अडचण खोलवर आहे: हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत.

बंदुकीनं झालेला मृत्यू एकेक करून मोजला जातो. गोळी लागलेली असते, मृत्यूची चौकशी होते, मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलं जातं आणि आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला ठरलेला संकेतांक पडतो. खून, आत्महत्या, अपघात, पोलिसांची कारवाई असे त्यात वेगवेगळे कप्पे आहेत. कप्पा चुकू शकतो, गोळी लागली होती की नाही याबद्दल शंका क्वचितच उरते. ४८,२०४ या आकड्यामागे तेवढे दाखले आहेत.

६१,६७२ या आकड्यामागे दाखले नाहीत. तसे दाखले शोधायला गेलात तर फार थोडे सापडतील. जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथं मृत्यू दाखल्यावर थेट उष्णता हेच कारण लिहिलेले मृत्यू सरासरीनं वर्षाला वीसेक असतात. त्याच जर्मनीत २०२२च्या उन्हाळ्यात उष्णतेनं सुमारे ४,५०० माणसं मेली, असा तिथल्या रॉबर्ट कॉख या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. आणि वर सांगितलेल्या युरोपीय अभ्यासात जर्मनीच्या वाट्याला आले ८,१७३. वीस, साडेचार हजार आणि आठ हजार, देश एकच. यात कुणीही खोटं बोलत नाही.

कारण उष्णता क्वचितच स्वतःच्या नावानं मारते. खरा उष्माघात, म्हणजे शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन मेंदूचं काम बिघडणं, हा प्रकार एकूण संख्येत थोडा असतो. बहुतेक वेळा काय होतं? शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, हृदयाची धावपळ वाढते. घामानं पाणी आणि क्षार जातात, रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडं थकतात. हृदयविकार असलेली, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारी, मधुमेह असलेली ८४ वर्षांची बाई तिसऱ्या उकाड्याच्या रात्री मरते. दाखल्यावर लिहिलं जातं ‘हृदयक्रिया बंद पडून’. ते चूकही नाही. फक्त तो आठवडा थंड असता तर ती त्या आठवड्यात मेली नसती, ही गोष्ट दाखल्यावर कुठेच उमटत नाही.

म्हणून आम्ही उलट्या बाजूनं जातो. अनेक वर्षांचे रोजचे किंवा आठवड्याचे मृत्यू आणि तापमान यांचं नातं काढतो, ज्या तापमानाला सर्वांत कमी मृत्यू होतात तो बिंदू शोधतो आणि त्याच्या वर तापमान असताना किती जास्त मृत्यू झाले याचा हिशेब करतो. हा बिंदू कुठे धरायचा, सौम्य उकाड्याचे दिवस मोजायचे की फक्त लाटेचे, यावर उत्तर दुप्पट-निमपट होतं. जर्मनीच्या दोन अंदाजांमधला फरक मुख्यतः असल्याच निवडींतून येतो. म्हणूनच ६१,६७२ सोबत अभ्यासकांनी ३७,६४३ ते ८६,८०७ असा पल्लाही दिला होता. लाखामागे मोजलं तर हा ७ ते १६. अमेरिकेचा १४.५ त्याच्या आत बसतो. समाजमाध्यमांवर पल्ला कधी दिसत नाही, शेवटचा दोनचा अंक मात्र इमानदारीनं छापलेला असतो.

हा वाद किती जुना आहे ते शिकागोत दिसतं. जुलै १९९५मध्ये तिथं भीषण उष्णतेची लाट आली. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीचे (जिल्ह्याचे) मुख्य वैद्यकीय तपासनीस एडमंड डोनोह्यू यांनी निकष ठरवले: मृत्यूच्या वेळी शरीराचं तापमान १०५ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, किंवा तापलेल्या बंद खोलीसारखा परिस्थितीजन्य पुरावा, किंवा मृतदेह कुजलेल्या अवस्थेत सापडला आणि माणूस लाटेच्या काळात शेवटचा जिवंत दिसला होता. या निकषांवर ४६५ मृत्यू उष्णतेच्या खात्यात गेले. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी हा आकडा फुगवलेला असल्याची शंका जाहीरपणे घेतली. नंतर नेहमीच्या जुलैच्या तुलनेत किती जास्त माणसं मेली हे काढलं गेलं, तेव्हा एका आठवड्यात ७३९ अतिरिक्त मृत्यू निघाले. महापौरांना फुगवलेला वाटलेला आकडाच कमी पडत होता.

फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३मध्येही असंच झालं. सरकार शांत होतं. धोक्याची पहिली ओरड आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी केली आणि मृतांची संख्या अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्यांकडून बाहेर येऊ लागली. नंतर हिशेब झाला: १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत सुमारे १४,८०० अतिरिक्त मृत्यू. आरोग्य महासंचालक ल्युसियां आबेनाईम यांना पद सोडावं लागलं. पूर्ण युरोपात त्या उन्हाळ्यात ७० हजारांहून अधिक माणसं मेली, पण हे कळायला पाच वर्षं लागली. तो अभ्यास २००८चा आहे. गोळीबाराची बातमी मिनिटांत कळते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात २००९च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यांत १७३ माणसं मेली, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे; त्याच्या आदल्या आठवड्यातल्या उष्णतेच्या लाटेत त्याच राज्यात ३७४ अतिरिक्त मृत्यू झाले, हे आमच्यासारख्यांनाच माहीत.

आता मुद्दा उलटवून पाहू, कारण इथं युरोपच्या बाजूनं बोलणारेही घसरतात. ‘उष्णतेचा आकडा नुसता अंदाज, बंदुकीचा खरा’ असं म्हणून सुटका होत नाही. उष्णतेच्या आकड्यात ‘हे नसतं तर किती कमी मेले असते’ हा प्रश्न आधीच अंतर्भूत आहे. बंदुकीच्या आकड्यात तो नाही. तिथं फक्त ‘बंदूक वापरली गेली’ एवढंच मोजलेलं आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा तर अमेरिकेबद्दलही विचारावं लागेल: बंदुका नसत्या तर या ४८,२०४ पैकी किती वाचले असते?

सगळे वाचले नसते. २०२२च्या त्या संख्येत २७,०३२ आत्महत्या होत्या आणि १९,६५१ खून. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे, ही गोष्ट अमेरिकेबाहेरच्या लोकांना नेहमी धक्का देते. जपानमध्ये खासगी बंदुका जवळपास नाहीत, तरी तिथला आत्महत्येचा दर अमेरिकेपेक्षा कमी नाही. यावरून ‘म्हणजे बंदुकीनं काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चूक आहे. आत्महत्येचा आवेग बहुधा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. बंदुकीच्या प्रयत्नांतून दहापैकी जेमतेम एक वाचतो. इतर अनेक प्रयत्नांत बहुसंख्य वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. इस्रायलच्या सैन्यानं २००६ साली सैनिकांना सुट्टीत घरी रायफल नेण्यास मनाई केली, तर तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. स्वित्झर्लंडनं २००३नंतर सैन्याचा आकार जवळपास निम्मा केला, घरोघरी असलेल्या लष्करी बंदुका कमी झाल्या, आणि सैन्यसेवेच्या वयोगटातल्या पुरुषांच्या आत्महत्याही कमी झाल्या. तेव्हा ‘नसत्या तर’चं उत्तर ४८,२०४ पेक्षा कमी, पण शून्यापासून फार दूर. उष्णतेच्या आकड्यासारखाच यालाही पल्ला द्यावा लागेल. तो कुणी देत नाही.

मग वय. युरोपातल्या उष्णतेच्या बळींपैकी निम्म्याहून अधिक ८०च्या पुढचे होते, आणि स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. अमेरिकेत २०२०पासून १ ते १९ वर्षं वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. गमावलेली आयुष्याची वर्षं मोजली तर तराजू एका बाजूला चांगलाच झुकतो. समजा उष्णतेनं मेलेल्या प्रत्येकाची सढळ हातानं दहा वर्षं गेली असं धरलं, तर २०२२मध्ये युरोपची सव्वासहा लाखांच्या आत वर्षं गेली. बंदुकीच्या बळीची सरासरी ३५ वर्षं गेली असं धरलं, तर अमेरिकेची जवळपास १७ लाख. दहा आणि ३५ हे मी धरलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत; थोडे वरखाली केलेत तरी निकाल पालटत नाही.

हा हिशेब मी करते, पण जपून. वर्षं मोजणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूला कमी भाव देणं, आणि हा निर्णय गणिताचा नाही, नीतीचा आहे. तो घ्यायचा तर उघडपणे घ्यावा. ‘ते तसेही आठ-पंधरा दिवसांत गेलेच असते’ हे वाक्य मात्र तपासता येतं. तसं असतं तर लाटेनंतरच्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा तितकेच घटायला हवेत. काही लाटांनंतर थोडी घट दिसते. फ्रान्समध्ये २००३नंतर ती अगदीच थोडी होती. हजारो माणसं ‘तसेही’ जाणार नव्हती.

आता एसीची पुस्ती. तिच्यात तथ्य आहे, आणि युरोपप्रेमींना ते कबूल करायला जड जातं. अमेरिकेत दहापैकी नऊ घरांत एसी आहे, युरोपात पाचपैकी एका घरात. विसाव्या शतकात अमेरिकेत अतिउष्ण दिवसांशी निगडित मृत्यूंचं प्रमाण १९६०नंतर सुमारे ७५ टक्क्यांनी घटलं, आणि त्याचं मुख्य श्रेय घरगुती एसीला जातं, हे अर्थशास्त्रज्ञांनी चांगल्या पुराव्यानिशी दाखवलं आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१च्या लाटेत ६१९ माणसं मेली. त्यांतली ९८ टक्के घरात किंवा कुठल्या ना कुठल्या छताखाली, निम्म्याहून अधिक एकटी राहणारी, बहुतेकांकडे चालू एसी नाही.

पण एसी असलेल्या समाजांत उष्णता मारत नाही असं नाही. जपानमध्ये घरोघरी एसी आहे, तरी उष्माघातानं, तेही दाखल्यावर नोंद झालेल्या, २०२३मध्ये १,६००हून अधिक माणसं गेली. त्यांत मोठा वाटा वृद्धांचा. टोकियोत घरात सापडलेल्या मृतांपैकी अनेकांच्या खोलीत एसी होता, पण बंद. कुणाला गार हवा सोसत नाही, कुणाला विजेचं बिल, कुणाला आपण तापलोय हेच कळत नाही. तहान आणि उकाडा जाणवण्याची क्षमता वयानुसार बोथट होते. बंदुकीनं मात्र जपानमध्ये वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकेच मृत्यू होतात. ‘उष्णता की बंदूक’ असा पर्याय कुठल्याही समाजापुढे नसतो, हे जपानकडे पाहिलं की समजतं.

खुद्द अमेरिकेत ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्स आणि परिसरात, २०२३मध्ये ६४५ उष्णतेचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतले जवळपास निम्मे बेघर होते. त्या वर्षी पूर्ण अमेरिकेत दाखल्यांवर उष्णता आली ती २,३२५ मृत्यूंमध्ये. म्हणजे देशातल्या मृत्यूंपैकी चौथा हिस्सा एका काउंटीत? तिथं ऊन भयंकर असतं हे खरं, पण दुसरंही कारण आहे: मॅरिकोपा प्रत्येक संशयित मृत्यू तपासतं, बाकीच्या बऱ्याच ठिकाणी तशी चौकशी होत नाही. जो शोधतो त्यालाच सापडतं. अमेरिकेचे २,३२५ घेऊन युरोपच्या ६१,६७२ शेजारी ठेवणं ही तर बंदुकीच्या तुलनेपेक्षाही मोठी गफलत, कारण तिथं एकच कारण दोन पद्धतींनी मोजलेलं असतं. युरोपच्या पद्धतीनं मोजलं तर अमेरिकेचा आकडा कित्येक पटींनी वाढतो.

थंडीबद्दल थोडक्यात. युरोपातल्या ८५४ शहरांच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी थंडीशी निगडित दोन लाखांवर मृत्यू निघाले आणि उष्णतेशी निगडित वीस हजार. युरोप तापमानापासून आपल्या माणसांना वाचवत नाही असं म्हणायचं असेल, तर मोठा आकडा हिवाळ्यात आहे. तो कुणी फेकून मारत नाही, कारण त्यावर ‘एसी बसवा’ असं म्हणता येत नाही.

दाखल्यांची व्यवस्थाच कच्ची असेल तर दोन्ही आकडे डळमळतात. भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहून कमी मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२मध्ये उष्माघाताचे मृत्यू ७३०. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजात दरवर्षी ८० हजारांहून अधिक. बंदुकीचंही तेच: पोलिसांच्या नोंदीत काही हजार, तर २०१६साठीच्या जागतिक अंदाजात २६,५००. अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाले होते, हे नंतर मृत्यूनोंदी तपासल्यावर कळलं. त्यातून २०१३ साली शहराची उष्णता कृती योजना उभी राहिली, आणि तिच्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक जीव वाचले असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. मोजणी झाली नसती तर योजनेसाठी पैसे मागायला कुणाकडे तोंड नव्हतं.

तेव्हा तुलना करायचीच, तर मी एकाच समाजाची त्याच्या स्वतःशी, एकाच पद्धतीनं करेन. २०२३च्या उन्हाळ्यावरच्या युरोपीय अभ्यासात असा एक हिशेब आहे: या शतकाच्या सुरुवातीला लोक उष्णतेला जितके दुबळे होते तितकेच राहिले असते, तर त्या वर्षीचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी जास्त झाले असते. इशारे, एकट्या वृद्धांना फोन करणं, रुग्णालयांची तयारी, थोडेफार एसी, यांचा हा परिणाम. अमेरिकेतही तशीच तुलना केली तर वेगळंच काही दिसतं. २०२१ ते २०२३ या दोन वर्षांत बंदुकीनं झालेले खून २०,९५८ वरून १७,९२७ वर आले. त्याच दोन वर्षांत बंदुकीनं झालेल्या आत्महत्या २६,३२८ वरून २७,३०० वर गेल्या, आणि एकूण संख्या घटल्यामुळे ही वाढ मथळ्यांत आलीच नाही.